नावेवरचं मीठ

५ डिसेंबर, गुरुवार

देव नळदुर्गला गेले. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मिळून एकच खंडोबा. वर्षातले दोनेक महिने तो तिकडं असतो, बाकीचे इकडं. तो गेला की आमच्या गावाची अवस्था सासू माहेरी गेलेल्या घरासारखी होते. मोकळंही वाटतं आणि करमतही नाही. भंडाऱ्याची दुकानं बंद, रिक्षावाले रिक्षातच आडवे, प्रसाद मिळत नाही म्हणून कुत्रीही चिडचिडी झालेली.

संध्याकाळी शंभुलिंग आला. शाळेत मराठी शिकवायला मी ढोकीहून इथं आलो तेव्हापासूनचा हा मित्र. मी धाराशिवच्या साप्ताहिकात दर रविवारी 'तिरकी रेघ' लिहितो आणि गावातल्या एकेकाची टोपी उडवतो. स्वतःची टोपी उडाली तरी हसणारा हा एकटाच. त्याच्या वडिलांनी बांधलेलं शिवगंगा टॉकीज कोरोनात बंद पडलं ते पडलंच. आता रणधीर नावाचा धाराशिवचा व्यापारी तिथं सोयाबीनचं गोदाम करायचं म्हणतो. शंभुलिंगनं त्याला शब्द दिलाय: देव परत आले की काय ते सांगतो.

"तोवर काय करणार?" मी विचारलं.

"पिच्चर लावणार, मास्तर. लोकं आली तर टॉकीज, न्हाय आली तर सोयाबीन."

मग म्हणाला, "शिवप्रिया म्हणते, गोदाम झालं तर गिरणी बंद करणार आणि धाकट्या बहिणीकडं कलबुर्गीला जाऊन राहणार."

शिवप्रियाताई म्हणजे याची बहीण. नवरा लवकर गेला, त्या माहेरी परतल्या आणि टॉकीजच्या तिकीटखिडकीत बसल्या त्या बसल्याच. टॉकीज बंद पडल्यावर त्याच खोलीत त्यांनी पिठाची गिरणी टाकली.

मी म्हणालो, "जाऊ दे की. कलबुर्गीतली माणसं काय अख्खे गहू खातात?"

शंभुलिंग हसला. माझं जेवण मात्र झालं नाही. वांगं वातूळ असतं.

११ डिसेंबर, बुधवार

आज पहिला खेळ. पिच्चरचं नाव 'एळु हादी', म्हणजे सात वाटा. पन्नास वर्षांपूर्वीचा. त्या काळचे सात मोठे हिरो एकाच पिच्चरमध्ये, वर एक हत्ती. बुडालेल्या सर्कशीची मालकीण आपला म्हातारा हत्ती म्हैसूरहून आसामच्या जंगलात सोडायला निघते. सोबत सर्कशीतले सात जण. ट्रक, मालगाडी, होडी, बर्फ, दरोडेखोर, सगळं आहे. शंभुलिंगनं तो लहानपणी आजोळी पाहिला होता आणि आठवडाभर आमच्या मागं भुणभुण लावली होती की असला पिच्चर पुन्हा झाला नाही.

सगळं खरं. फक्त पिच्चर कन्नडमध्ये आहे, हे सांगायला तो विसरला.

पहिला संवाद झाला आणि अर्धं टॉकीज हसलं. उरलेल्या अर्ध्यानं हसणाऱ्यांकडं बघितलं. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला बलभीम उभा राहिला आणि ओरडला, "ए शंभू, आवाज उलटा लागलाय का बघ!"

मध्यंतरात मी शंभुलिंगला गाठलं. "अरे, गावातल्या निम्म्या लोकांना कन्नड येत नाही. मला येत नाही!"

तो कपाळावर हात मारून बसला होता. "मास्तर, आईशपथ सांगतो, तो कन्नड होता हे माझ्या ध्यानातच न्हाय. मला नुसता पिच्चर आठवत होता."

दोन भाषा घेऊन जन्मलेल्या माणसांचं असं होतं. आपण कोणती बोलतोय हे त्यांना दुसऱ्यानं सांगावं लागतं.

मध्यंतरानंतर टॉकीजमध्ये जे उरले, त्यांत मराठी माणूस मी एकटा. तोही पहिल्या रांगेत मैत्री म्हणून. सोयाबीनचा वास आत्ताच येऊ लागलाय.

१२ डिसेंबर, गुरुवार

शंभुलिंगची आत्या शरणम्मा हिनं तोड काढली. वय ऐंशीच्या पुढं, पण आवाज असा की लाउडस्पीकरनं शिकवणी लावावी.

"पंगत बसवतात तसं बसवायचं," म्हातारी म्हणाली. "एक आमचा, एक तुमचा. आमच्यानं तुमच्याच्या कानात सांगायचं."

मी म्हणालो, "आत्या, शंभर जण एकदम कुजबुजले तर पिच्चर ऐकू कसा येणार?"

"गुर्जी, ज्याला कळतो त्याला ऐकायची गरज न्हाय. ज्याला ऐकू येतो त्याला कळत न्हाय. मग नुकसान कुणाचं?"

वर्गात असा मुलगा असता तर मी त्याला बाहेर उभा केला असता. इथं मीच पंगतीला हो म्हणालो.

१५ डिसेंबर, रविवार

पंगत बसली. शरणम्मानं शेजारी धरलं सारजाबाईला. सारजाबाई आमच्या घरमालकीणबाई; उसाच्या आणि भाडेकरूंच्या बाबतीत सारख्याच कडक. वीरभद्र शिंप्यानं किराणा दुकानदार धनाजीला घेतलं. बलभीमला कॉलेजातली हर्षाली मिळाली. तिची आई आळंदची, म्हणून तिला कन्नड येतं.

मला कुणी नेमून दिलं ठाऊक नाही. मी बसलो त्याच्या शेजारच्या खुर्चीत शिवप्रियाताई येऊन बसल्या, एवढंच.

"या ताई," मी म्हणालो.

"ताई म्हणू नका, सर. अख्खं गाव म्हणतं."

"मग काय म्हणू?"

"करा विचार. मराठीचे शिक्षक ना तुम्ही."

मी विचार केला. 'बाई' म्हटलं तर मुख्याध्यापिका वाटतात, 'मॅडम' म्हटलं तर बँकेतल्या. तेवढ्यात पडदा उजळला म्हणून विषय राहिला. त्यांच्या कानाजवळच्या केसांत पांढरं होतं. पीठ की वय, कळलं नाही.

पिच्चरबद्दल. सात हिरो एका ट्रकमध्ये कोंबले की कुणालाच अभिनय करायला जागा उरत नाही. प्रत्येकाला एक गाणं, एक मारामारी आणि हत्तीला मिठी मारून रडण्याचा एक प्रसंग दिलाय. हत्तीच काय तो संयमानं काम करतो. त्यातला सातवा हिरो, सर्कशीचा स्वयंपाकी बसव, मला मुळीच आवडला नाही. प्रत्येक संकटात तो काहीतरी तिरकस बोलतो आणि लोक हसतात. शिवप्रियाताईंना विचारलं, "याला लोक सहन कसे करतात?"

"सवय होते," त्या म्हणाल्या.

शेवटाकडं ब्रह्मपुत्रेच्या काठावरचा प्रसंग आहे. हत्ती नदीपार न्यायचाय. मालकीण गौरव्वा नावेत उभी, बसव काठावर. ती दोनदा ओठ हलवते, तो मान डोलावून एकच शब्द बोलतो, नाव सुटते. शिवप्रियाताई मात्र बराच वेळ सांगत होत्या. गौरव्वा म्हणते: "दाराला कडी लावावी तसा तू विनोद करतोस. इतकी वर्षं मी बाहेर उभी आहे. आता मी पलीकडं चालले. येणार असलास तर हसल्याशिवाय सांग."

"आणि तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो काही नीट बोलत नाही," त्या म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या.

संवाद बरा आहे, थोडा भडक. पण एवढा मजकूर दोनदा ओठ हलवून होतो म्हणजे कन्नड ही भलतीच आटोपशीर भाषा असली पाहिजे.

१७ डिसेंबर, मंगळवार

रविवारच्या सदरासाठी प्रेक्षकांची मतं घ्यायचं ठरवलं आणि खेळ सुटताना फाटकात उभा राहिलो. जशीच्या तशी देतो.

सारजाबाई: "हत्ती लई गुणाचा. माणसं बी बरी हायती, पर हत्तीवानी न्हायती."

धनाजी: "सात हिरो कशाला? तिघांत भागलं असतं. बाकीच्यांचं नुसतं जेवणखाण."

बलभीम: "रूट चुकलाय. म्हैसूर ते आसाम माणूस असा जाईल का? आन् ट्रकच्या ड्रायव्हरनं अख्ख्या पिच्चरमधी एकदा बी डिझेल भरलं न्हाय. आम्हाला असला ट्रक दिला असता तर डेपो वर आला असता."

हर्षाली: "हत्तीला जंगलात सोडला ते ठीक. पण सर, त्याला जायचं होतं का हे कुणी विचारलंच नाही."

खरी गंमत पुढं. धनाजीच्या मते तिसरा हिरो मालगाडीखाली मेला. सारजाबाई म्हणते तो शेवटपर्यंत होता, बर्फात भजी खात होता. दोघं फाटकातच जुंपले. चौकशी केली तर कळलं, वीरभद्राला बिडी ओढायची होती म्हणून त्यानं त्या हिरोला लवकर मारलं आणि बाहेर गेला. शरणम्मा तर गाण्यांचं भाषांतरच करत नाही. "गाणं हाय, गप बस," एवढंच सांगते आणि पानाचा डबा उघडते.

म्हणजे पडद्यावर पिच्चर एक, आणि खुर्च्यांत जितक्या जोड्या तितके पिच्चर.

नावेच्या प्रसंगाबद्दल मुद्दाम विचारलं. सारजाबाई म्हणाली, "ती इचारती, मीठ घेतलं का? त्यो म्हनतो, घेतलं." धनाजीनंही तेच सांगितलं. बलभीमनंही.

सगळ्या दुभाष्यांनी नेमक्या चांगल्या जागी अंग काढून घेतलंय. उंची गाठायची वेळ आली की आमची माणसं मिठामिरचीवर उतरतात, ते हे असं.

२१ डिसेंबर, शनिवार

अभ्यासासाठी पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा. लिहायचं तर नीट बघून लिहावं.

आज लोक वाढलेत. कारण सरळ आहे. ज्यानं वीरभद्राशेजारी बसून पाहिला, त्याला आता शरणम्माशेजारी बसून पाहायचाय. बलभीम शंभुलिंगकडं तक्रार घेऊन आला होता, "हर्षाली पोरगी सगळं खरं खरं सांगती रे. मला शिंपी दे. शिंप्याचा पिच्चर भारी असतो."

नावेवर आज गौरव्वा म्हणाली: "मी गेल्यावर रोज सकाळी कुणाशी वाद घालशील? भिंतीशी?" मागच्या वेळी हे वाक्य नव्हतं. माझा डोळा लागला असणार.

शिवप्रियाताईंना म्हणालो, "ही बाई फार स्पष्ट बोलते. आणि त्या बसवाला काही कळतच नाही. लेखकानं त्याला इतका मठ्ठ करायला नको होता."

त्या खूप वेळ हसत होत्या. प्रसंग हत्तीच्या आजारपणाचा होता. लोक वळून बघत होते.

२४ डिसेंबर, मंगळवार

लेख लिहिला. बऱ्याच दिवसांत हात असा चालला नव्हता. सात हिरोंना सात परिच्छेदांत सोललं, हत्तीला अभिनयाचं पारितोषिक दिलं, प्रेक्षकांची मतं छापली. शेवटी लिहिलं की अख्ख्या टॉकीजमध्ये नावेचा प्रसंग एकाच दुभाषीला कळला, श्रीमती शिवप्रिया यांना. बाकीचे मीठच शोधत बसले. आणि त्यांनी सांगितलेला संवाद अवतरणचिन्हांत सबंध दिला, दोन्ही वेळचा एकत्र करून. उत्तम अनुवाद कशाला म्हणतात ते लोकांना कळू दे.

सहसा मी कुणाचं कौतुक छापत नाही. त्यांना आवडेल.

३० डिसेंबर, सोमवार

काल लेख आला. आज धनाजीच्या दुकानात तुरीची डाळ मागितली. त्यानं आधी मिठाचा पुडा ठेवला.

"मीठ घेतलं का, गुर्जी?"

दुकानातली चारही गिऱ्हाइकं हसली. मी म्हणालो, "घरी आहे." यावर आणखी हसली. यात काय विनोद आहे? विनोद हा माझा धंदा आहे आणि मला कळला नाही, म्हणजे तो नसणारच.

शाळेत शिपायानं विचारलं. स्टँडवर कंडक्टरनं विचारलं. सारजाबाईनं भाड्याची पावती देताना विचारलं आणि वर म्हणाली, "बब्रुवान गुर्जी, पुस्तकं लई वाचता तुमी. डोळ्याला ताण पडला आसंल."

१ जानेवारी, बुधवार

नववर्षाला टॉकीज भरलं. भरलं म्हणजे जळकोटहून जीपा आल्या. नळदुर्गला देवाला निघालेले भाविकही वाटेत अणदूरला पिच्चर बघून पुढं जातायत; खंडोबानं बघितलं तर त्यालाही सुट्टी कमी करून यावंसं वाटेल. कन्नड येणाऱ्या म्हाताऱ्यांना जो भाव आलाय तो कधी आला नव्हता. वीरभद्र शिंप्यानं कपडे शिवणं थांबवलंय. त्याच्या शेजारची खुर्ची धरायला लोक टॉवेल टाकून ठेवतात.

आणि नावेचा प्रसंग आला की सगळं टॉकीज एका आवाजात ओरडतं, "मीठ घेतलं का?" बसवानं तोंड उघडलं की पुन्हा सगळं टॉकीज, "घेतलं!" मग शिट्ट्या.

लेखाचा एवढा परिणाम प्रथमच बघतोय. पण माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पिच्चर मला पाठ झालाय, तरी आज काही कळलं नाही.

तिकीटखोलीतली गिरणीही बंद होती. शंभुलिंगला विचारलं. "डोकं दुखतंय तिचं," तो म्हणाला आणि नको तितक्या मन लावून तिकिटं फाडायला लागला.

४ जानेवारी, शनिवार

शिवप्रियाताईंच्या घरी गेलो. अंगणात बसून त्या गिरणीचा पट्टा गुंडाळत होत्या.

"टॉकीज चाललंय की," मी म्हणालो. "आता पट्टा कशाला काढलात?"

"टॉकीज शंभूचं. मी सोमवारी, तेरा तारखेला, कलबुर्गीला चाललेय."

"पण का?"

"सर, तुम्ही छापलंत."

"कौतुक छापलं!"

"हो ना. सबंध तालुक्यात."

"मग चुकलं काय माझं?"

"तुमचं नाही चुकलं. मी चुकीच्या माणसाला कन्नड सांगितलं."

मी म्हणालो, अनुवाद अप्रतिम होता, माझ्या मते मुळापेक्षाही सरस. नापास होऊनही वर्गात पहिला आल्यासारखा बसलेल्या पोराकडं मी बघतो, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. चहा विचारला नाही. या घरात चहा न विचारण्याची ही पहिलीच वेळ.

५ जानेवारी, रविवार

शरणम्माकडं भांडायला गेलो. मनाशी ठरवलं होतं, मूळ या म्हातारीच्या मिठात आहे. हिनं प्रसंग नीट सांगितला असता तर लोक हसले नसते.

ती भाकरी थापत होती. मी तावातावानं बोललो. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली, आणि मग बोलली.

"गुर्जी, ती मीठच इचारते."

"आत्या, एवढा मोठा संवाद..."

"संवाद न्हाय. जंगलात मीठ मिळत न्हाय म्हणून ती इचारते, मीठ घेतलं का. तो म्हणतो, घेतलं. नाव जाते. बास."

"मग शिवप्रियाताईंनी..."

म्हातारीनं भाकरी विस्तवावर उभी केली. ती फुगल्यावर चिमट्यानं काढली. मग म्हणाली, "वीस वर्सं झाली तुम्हाला इथं येऊन. दर दोन दिसांनी दळण आणता. एकटा माणूस किती खातो हो? आमी आपलं बघत हुतो. ती बी बघत हुती. शेवटाला तिनं पिच्चरच्या तोंडून इचारलं. तुमी पेपरात दिलं."

मी उठलो. दारात आल्यावर विचारलं, "सगळ्यांना माहीत आहे?"

"ज्याला कन्नड येतं त्याला पिच्चरमुळं. ज्याला मराठी येतं त्याला तुमच्यामुळं."

६ जानेवारी, सोमवार

शाळा.

७ जानेवारी, मंगळवार

शाळा. नववीला अलंकार शिकवायचे होते. पुढच्या आठवड्यावर ढकलले.

८ जानेवारी, बुधवार

माफीचा लेख लिहायला बसलो. चार ओळींत दोन कोट्या झाल्या. फाडला. पुन्हा लिहिला, तीन कोट्या झाल्या. हात कुठं वळतो ते माझं मलाच दिसलं. दाराला कडी, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि मी त्याला भडक म्हणालो होतो.

माझी बायको जाऊन इतकी वर्षं झाली. त्या दिवसापासून मी एक वाक्य सरळ बोललो असेन तर ते शाळेत हजेरी घेताना. भीती कशाची आहे, हे इथं तरी लिहावं. शिवप्रियाताई हसतील याची नाही. लोक हसतील याचीही नाही. त्यांना मी स्वतः तिकीट काढून बसवल्यासारखं झालंय. त्या 'हो' म्हणाल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय बोलायचं, याची आहे.

आणि त्या लिंगायत, मी मराठा, हे आहेच. शंभुलिंगला काय वाटेल हे मी वीस वर्षांत विचारलं नाही. विचारायचं काही आहे, हेच मला कळलं नव्हतं.

१० जानेवारी, शुक्रवार

रणधीर व्यापारी टेप घेऊन गोदामाची मापं घ्यायला आला. खेळ चालू होता. पडद्यासमोर टेप धरून उभा राहिला तर सारजाबाई ओरडली, "ए पावण्या, खाली बस! काचंचा हायस व्हय?"

तो बसला. नेमका शरणम्माच्या पलीकडच्या खुर्चीत. म्हातारीनं त्याला धरलं आणि सुरुवातीपासून सगळा पिच्चर सांगितला, पडद्यावर शेवट चालू असताना. तो टेप तिथंच विसरून गेला.

संध्याकाळी शंभुलिंगनं त्याला फोन करून नाही सांगितलं. मला म्हणाला, "देवाची वाट कशाला बघायची? लोकं आली की." पुढचा पिच्चर तो तेलुगू आणणार आहे. गावात तेलुगू येणारं एकच घर आहे. आत्तापासून त्यांच्याकडं लोक डबे पाठवतायत.

मग तो टॉकीज बंद करायला उठला. मीही उठलो. दारात तो म्हणाला, "टॉकीज राहिलं मास्तर, पण ती चालली. आमचं घर तिला अडवणार न्हाय, आन् दुसऱ्या कुणी थांबवलं तर त्यालाबी आडवं येणार न्हाय." आणि माझ्याकडं न बघता कुलूप शोधायला गेला. कुलूप त्याच्या हातातच होतं.

१२ जानेवारी, रविवार

'एळु हादी'चा शेवटचा खेळ. शंभुलिंगनं विनवण्या करून शिवप्रियाला आणलं. वडिलांच्या टॉकीजचा पहिला भरलेला आठवडा, तू नसशील तर कसं. ती मागच्या दारापाशी बसली, कुणी शेजारी येणार नाही अशा कोपऱ्यात. मी जाऊन शेजारी बसलो. लोकांनी बघितलं. बघू देत.

तिनं मान वळवली नाही. सात हिरो आले, गायले, मारामाऱ्या केल्या. तिनं एक शब्द सांगितला नाही. मी विचारलाही नाही.

नाव आली. गौरव्वानं ओठ हलवले आणि सगळं टॉकीज गरजलं, "मीठ घेतलं का?" शिवप्रियानं पदर तोंडाशी धरला आणि उठू लागली. बसवानं मान डोलावली. टॉकीज पुन्हा, "घेतलं!" शिट्ट्या, टाळ्या.

त्या गोंगाटात मी तिच्या कानाशी वाकलो. "ह्यांना कन्नड येत नाही. मी सांगतो तो काय म्हणाला."

ती अर्धी उठलेली तशीच थांबली.

"तो म्हणाला, मला पोहता येत नाही. नावेची भीती वाटते. वय झालंय आणि हसणं सोडलं तर माझ्याकडं सामान काही नाही. तू बाहेर उभी आहेस हे मला दिसलं नाही, कारण मी दाराकडं पाठ करून बसलो होतो. तू पलीकडं जाऊ नकोस. गेलीस तर थांब, मी पुढच्या नावेनं येतो."

यात एकही कोटी नव्हती. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ती खाली बसली. "खोटं आहे," पडद्याकडं बघतच म्हणाली. "तो एकच शब्द बोलतो, सर."

"मग तो शब्द कुठला, ते तूच सांग."

हत्ती नदीतून पलीकडं निघाला. त्याची पाठ दिसत होती, मग नुसती सोंड, मग झाडी. पुढं सारजाबाई मोठ्यानं रडत होती आणि शरणम्मा तिला सांगत होती की हत्ती उद्या परत येणार आहे.

"येतो, म्हणाला," शिवप्रिया म्हणाली.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी कलबुर्गीची गाडी हॉर्न देऊन स्टँडवरून सुटली. मी दाढी अर्धी ठेवून ऐकत उभा राहिलो. थोड्या वेळानं टॉकीजच्या बाजूनं दुसरा आवाज सुरू झाला. आधी अडखळत, पट्टा नीट बसला नसावा, मग सलग.

घरात दळायला काहीच नव्हतं. धनाजीचं दुकान उघडायला लावलं, पायलीभर ज्वारी घेतली. त्यानं तोंड उघडलं तेवढ्यात मीच म्हणालो, "मीठही दे." आणि दोन्ही घेऊन निघालो.